क्यूच्या बागेतलं लाल घर: १६३१ चं किती आणि नंतरचं किती?

प्रश्न असा आहे. लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये तुम्ही तो छोटेखानी लाल राजवाडा पाहिलात. दारावर १६३१ साल आहे, लोक त्याला 'डच हाउस' म्हणतात, खिडक्या मात्र शंभर वर्षांनंतरच्या वाटतात आणि भिंत इतकी लालभडक की गेल्या आठवड्यात रंगवली असावी. मग हे घर नक्की कधीचं? त्यात डच काय आहे? जुन्या विटेला असा रंग फासणं बरोबर का? आणि लंडनजवळच्या रेडिंगला जुनं विटांचं घर घेतलेल्या तुमच्या मेव्हण्यांना त्यांचा बिल्डर हाच 'क्यूसारखा' रंग सुचवतोय, तर लावावा का?

मेव्हण्यांना आधी फोन करून 'थांबा' म्हणा. कारण सविस्तर सांगतो, पण त्यासाठी आधी क्यूची भिंत नीट वाचावी लागेल.

जुन्या चुना-विटांच्या इमारतींची डागडुजी हा माझा धंदा. या धंद्यात दारावरच्या सालाला मान द्यायचा, पण त्यावर विसंबायचं नाही. ते साल म्हणजे मालकाने केलेली घोषणा असते: हे घर मी उभं केलं, या वर्षी केलं. त्याआधी तिथे काय होतं आणि त्याच्यामागून कोणी काय बदललं, याची जबाबदारी त्या सालावर नसते. क्यूला दारावर १६३१ बरोबर सॅम्युअल फोर्ट्री आणि त्याची बायको कॅथरीन यांची आद्याक्षरंही आहेत. फोर्ट्री हा लंडनचा श्रीमंत व्यापारी, फ्लँडर्समधून इंग्लंडात आलेल्या कुटुंबातला. टेम्सच्या काठी, रिचमंडच्या राजवाड्यापासून जवळ आणि शहराच्या धुरापासून लांब अशी जागा त्याने निवडली. ही जागा मोकळी नव्हती. तिथे सोळाव्या शतकातलं घर होतं, आणि त्याचं तळघर आजही फोर्ट्रीच्या घराखाली आहे. म्हणजे अगदी पायापासून मोजायचं तर घर दारावरच्या सालापेक्षा जुनं निघतं, आणि खिडक्यांपासून मोजायचं तर बरंच नवं. तुम्हाला जे खटकलं ते बरोबर खटकलं.

मधली जी भिंत आहे, ती मात्र खरोखर १६३१ ची. माझ्या मते या घरात पाहण्यासारखी पहिली गोष्ट तीच. लोक आत धावतात, तिसऱ्या जॉर्ज राजाच्या आजारपणाच्या गोष्टी ऐकतात आणि भिंतीकडे पाठ करून फोटो काढतात. तुम्ही पुन्हा गेलात तर भिंतीपासून दोन हातांवर उभे राहा आणि रद्दे, म्हणजे विटांचे आडवे थर, मोजा.

वीट भिंतीत दोन तऱ्हांनी दिसते. लांब बाजू दिसली तर स्ट्रेचर, डोकं दिसलं तर हेडर. ट्यूडर काळात, म्हणजे सोळाव्या शतकात हॅम्प्टन कोर्टसारखे वाडे उठले तेव्हा, इंग्लंडातले गवंडी एक अख्खा रद्दा स्ट्रेचरचा आणि त्यावर एक अख्खा रद्दा हेडरचा घालत. विटांच्या अशा रचनेला बाँड म्हणतात, हा इंग्लिश बाँड. भिंत दणकट होते, पण लांबून पाहिलं की आडवे पट्टे दिसतात. क्यूला तसं नाही. इथे प्रत्येक रद्द्यात हेडर आणि स्ट्रेचर एकाआड एक येतात, आणि प्रत्येक हेडर खालच्या स्ट्रेचरच्या बरोबर मधोमध बसतो. हा फ्लेमिश बाँड. इंग्लंडात हा बाँड पुढे इतका रुळला की अठराव्या शतकातलं बहुतेक प्रत्येक बरं घर त्याच पद्धतीने बांधलेलं आहे. पण १६३१ मध्ये तो नवा होता. साल नक्की ठाऊक असलेल्या इंग्रजी घरांमध्ये क्यूचं उदाहरण अगदी सुरुवातीच्या काहींपैकी एक धरलं जातं. तेव्हाच्या माणसाला ही भिंत आजच्या भाषेत 'लेटेस्ट' वाटली असणार.

कोपऱ्यावर नजर टाका. कोपऱ्यातल्या हेडरला लागून अर्ध्या रुंदीचा एक बारीक तुकडा घातलेला दिसेल. त्याला क्लोजर म्हणतात. तो नसेल तर वरच्या आणि खालच्या रद्द्यांचे उभे सांधे एकाखाली एक येतात आणि भिंत तिथूनच चिरते. हा तुकडा गवंडी कसा घालतो यावरून त्याचा हात कळतो: नीट कापून ओळंब्यात घातलाय, की फुटेल तसा कोंबलाय. जुन्या घराच्या तपासणीला गेलो की मी सर्वात आधी कोपरे बघतो, दर्शनी दार नंतर.

याच बाँडने पुढे इंग्लंडला थोडा त्रासही दिला, तो सांगून ठेवतो, कारण मेव्हण्यांच्या घराला तो लागू पडू शकतो. चांगली दर्शनी वीट महाग, आतली वीट स्वस्त. मग जॉर्जियन काळातल्या, म्हणजे अठराव्या शतकातल्या ठेकेदारांनी हेडर मधोमध तोडून अर्धेच वापरायला सुरुवात केली. बाहेरून भिंत सुरेख फ्लेमिश बाँडची दिसते, पण ते हेडर आत शिरलेलेच नसतात. दर्शनी भाग म्हणजे आतल्या भिंतीला टेकवलेला अर्ध्या विटेचा पडदा. दीडशे-दोनशे वर्षांनी तो सुटून पोट काढतो. हाताने थोपटलं तर आवाज पोकळ येतो. लंडनमध्ये अशी पोटं सुटलेली घरं गल्लोगल्ली आहेत आणि ती आवळायला लोखंडी सळया लागतात. बाँड हा भिंतीचा चेहरा नसून तिचा सांगाडा आहे, हे फोर्ट्रीच्या गवंड्याला ठाऊक होतं. पुढच्या कित्येकांनी सोयीने विसरलं.

विटेच्या मापाचंही एक आहे. लंडनमध्ये गवंडी आणि कौलं घालणारे यांचा एक संघ होता. त्याला १५६८ मध्ये सनद मिळाली आणि १५७१ पासून विटेचं माप साधारण ९ इंच लांब, सव्वाचार इंच रुंद, सव्वादोन इंच जाड असं ठरलं. जाडी लक्षात ठेवा. इंग्लंडात जुनी वीट पातळ आणि नवी वीट जाड, हा ढोबळ नियम आहे, पण त्यावर घराचं वय ठरवू नका. १७८४ मध्ये सरकारने विटांवर हजारी कर बसवला, तेव्हा काही भट्टीवाल्यांनी विटाच मोठ्या पाडल्या, म्हणजे तेवढ्याच भिंतीला नग कमी आणि कर कमी. असल्या करचुकव्या विटांवर १८०३ मध्ये दुप्पट कर आला आणि १८५० मध्ये हा करच गेला. शिवाय पाडलेल्या घराच्या विटा धुऊन पुन्हा वापरण्याची पद्धत सगळीकडेच होती. पातळ वीट दिसली म्हणजे घर ट्यूडर, असं इस्टेट एजंट सांगतात. त्यांना सांगू द्या.

आता 'डच'. दुरून पाहिलं की घराच्या माथ्यावर तीन गेबल दिसतात, म्हणजे छपराच्या टोकाची त्रिकोणी भिंत. इथे ती सरळ त्रिकोणी नाही. कडा बाहेर-आत वळणं घेत वर जातात आणि डोक्यावर छोटा पेडिमेंट, म्हणजे देवळाच्या दर्शनी माथ्यासारखा तुकडा, बसतो, कुठे त्रिकोणी तर कुठे कमानदार. या वळणांमुळे आणि फोर्ट्रीच्या कुळामुळे घराला 'डच हाउस' हे नाव चिकटलं. नाव अर्धंच खरं आहे. अशी वळणदार गेबलं इंग्लंडात त्याआधीही होती. नॉरफोकमधल्या ब्लिकलिंग हॉलला ती फोर्ट्रीच्या आधीच बसली होती. अँटवर्पमध्ये छापलेले नक्षीचे नमुनासंग्रह सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्लंडातल्या कारागिरांच्या हातात फिरत होते आणि हॅन्स फ्रेडेमन दि फ्रीससारख्या नमुनाकारांची चित्रं बघून सुतारापासून गवंड्यापर्यंत सगळे आपापल्या मापाने नक्कल करत. विटा पाडण्याची कलाही मध्ययुगात बरीचशी समुद्रापलीकडून आली. लिंकनशरमधला टॅटरशल किल्ला १४३० ते १४५० च्या दरम्यान उठला, त्याच्या हिशोबवहीत विटा पुरवणाऱ्या बाल्डविनच्या नावापुढे 'डोचमन' असंच लिहिलंय. तेव्हा परदेशी हात होताच. पण क्यूचं घर उचलून ॲम्स्टरडॅमच्या कालव्यावर ठेवलं तर ते तिथलं वाटणार नाही. तिथली घरं अरुंद आणि उंच, रस्त्याला एक गेबल देऊन उभी. हे घर बागेत ऐसपैस उभं आहे, दोन्ही अंगांनी गेबलं मिरवत, आत एकीमागे एक अशा दोन खोल्या घेऊन.

शैलीचं नाव हवंच असेल तर इतिहासकार जॉन समरसन यांनी अशा घरांसाठी 'आर्टिझन मॅनरिझम' असं नाव दिलं. मला ते आवडतं, कारण त्यात आर्किटेक्ट नाही, कारागीर आहे. त्या वर्षांचं चित्र डोळ्यांपुढे आणा. राजाच्या इमारती बांधणारा आर्किटेक्ट इनिगो जोन्स इटली पाहून आलेला. व्हाइटहॉलचं बँक्वेटिंग हाउस त्याने १६२२ मध्ये पूर्ण केलं होतं, ग्रिनिचचं क्वीन्स हाउस चालू होतं आणि १६३१ च्या सुमारासच कॉव्हेंट गार्डनचा चौक आखला जात होता. त्याचं सगळं मोजूनमापून, रोमन नियमाने. आणि त्याच वेळी शहरातले गवंडी त्याच रोमन वस्तू, म्हणजे स्तंभिका, कॉर्निस (भिंतीच्या माथ्याची बाहेर आलेली पट्टी), पेडिमेंट, वाचून नव्हे तर चित्रात बघून उचलत होते आणि हाताशी होतं त्या साहित्यात, विटेत, करून टाकत होते. क्यूच्या खिडक्यांभोवतीच्या उठावदार चौकटी बघा. दगडी घरात त्या दगडाच्या असत्या. इथे विटेलाच दगडाचा आव आणायला लावलाय. जोन्सने नाक मुरडलं असतं. मला मात्र जोन्सच्या थंडगार शुद्धतेपेक्षा ही हौस जवळची वाटते. मिडलसेक्समधलं स्वेकलीज, केंटमधलं ब्रूम पार्क, हायगेटचं क्रॉमवेल हाउस ही याच दशकातली, याच गोतावळ्यातली घरं. लंडन बघायला जाणाऱ्याने यातलं एक तरी क्यूच्या जोडीला बघावं.

या चौकटी, कमानी, कॉर्निस केल्या कशा, हे थोडं खोलात सांगण्यासारखं आहे. साधी वीट कापली की चुरते, कारण बाहेरचा भाजलेला कडक पापुद्रा निघतो आणि आतलं मऊ, खडेदार अंग उघडं पडतं. म्हणून घडणीच्या कामाला वेगळी वीट लागते. माती गाळून खडे काढायचे, वाळूचं प्रमाण वाढवायचं, आणि भाजताना आच मर्यादेत ठेवायची. निघते ती वीट आत-बाहेर सारखी, इतकी मऊ की नखाने ओरखडा उठावा. इंग्रज गवंडी तिला 'रबर' म्हणतात. तिला आधी कुऱ्हाडीच्या आकाराच्या हत्याराने तासायचं, मग खरबरीत दगडावर पाणी न घालता घासत घासत नेमक्या मापाला आणायचं. कमानीतली प्रत्येक वीट पाचरीसारखी, प्रत्येकीचा कोन वेगळा, म्हणून आधी जमिनीवर कमानीचं पूर्ण आकाराचं चित्र काढून त्यावर विटा मांडून बघतात. बसवताना सांध्यात साधा चुना-वाळूचा माल चालत नाही. भिजवून मुरवलेला लोण्यासारखा चुना घ्यायचा, वीट त्यात बुडवायची आणि दाबून बसवायची. नीट केलेला सांधा मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा भरतो. या कलेचा कळस सतराव्या शतकाच्या शेवटी, आर्किटेक्ट क्रिस्टोफर रेन यांच्या हॅम्प्टन कोर्टच्या कामात झाला. क्यूचं काम त्याच्या आधीचं, थोडं रांगडं, पण दिशा तीच.

अशा विटेचा एकच शत्रू आहे, सफाई. गेल्या शतकात काळवंडलेल्या इमारती वाळूच्या फवाऱ्याने उजळ करण्याची टूम निघाली आणि इंग्लंडात घासलेल्या विटेच्या किती कमानींच्या कडा त्यात गोल झाल्या याची गणतीच नाही. एकदा गेलेली कड परत येत नाही.

आता रंग, तुमचा मुख्य आक्षेप. लाल विटेला पुन्हा लाल रंग कशाला?

विटा त्या काळी बहुधा बांधकामाजवळच, उघड्यावर रचलेल्या भट्टीत भाजत. अशा भट्टीत आच सगळीकडे सारखी लागत नाही. मधल्या विटा जांभळट, कडेच्या फिकट गुलाबी, आगीच्या तोंडावरच्या काळ्या-निळ्या. कडा वाकड्या, म्हणून सांधे जाड. आपल्याला आज ही बहुरंगी भिंत गोड वाटते. पण सतराव्या शतकातल्या पैसेवाल्या माणसाला ती निष्काळजी वाटे. त्याला एकसारखी तांबडी भिंत आणि तिच्यावर रेघ मारल्यासारखे पांढरे सांधे हवे असत. म्हणून सगळ्या भिंतीवर गेरूचा पातळ हात द्यायचा, सांध्यांसकट, आणि तो वाळला की सांध्यांवर बारीक ब्रशने पांढरी रेघ ओढायची. हॅम्प्टन कोर्टच्या आठव्या हेन्रीच्या काळातल्या हिशोबांतही विटा रंगवायला गेरू घेतल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे ही युक्ती क्यूच्या शंभर वर्षं आधीपासून चालत आलेली.

क्यूला १९९६ ते २००६ या दहा वर्षांत हिस्टॉरिक रॉयल पॅलेसेस या संस्थेने मोठी दुरुस्ती केली. त्यात भिंतीला पुन्हा लाल चुन्याचा हात दिला गेला, जुन्या रंगाचा पुरावा धरून. तुम्ही पाहिलात तो रंग तोच. तुम्हाला तो 'नवा' वाटला, कारण तुमच्या-माझ्या डोळ्यांना उघड्या विटेची सवय आहे. ही सवय एकोणिसाव्या शतकाने लावली. रेल्वे आली, यंत्राने एकसारख्या विटा निघू लागल्या, आणि त्याचबरोबर यंत्राचा वीट आलेले लोकही निघाले. हस्तकलेचा पुरस्कर्ता विल्यम मॉरिस याने १८५९ मध्ये आर्किटेक्ट फिलिप वेबकडून बेक्सलीहीथला स्वतःसाठी जे घर बांधून घेतलं, त्याचं नावच रेड हाउस. तिथे वीट उघडी ठेवणं हा प्रामाणिकपणा ठरला. याच मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. जुन्या भिंतींवरचा काळाचा थर खरवडू नका, हा तिचा आग्रह. तो आग्रह मोलाचाच आहे, माझी सगळी कामाची शिस्त त्यातून आली. पण त्यातून एक गैरसमजही पसरला, की जुनी वीट नेहमी उघडीच होती. क्यूची भिंत त्याला सरळ उत्तर देते.

मी या रंगाच्या बाजूने आहे, आणि त्याची दोन कारणं आहेत. एक, पुरावा होता. अंदाजाने लावलेला नाही. दोन, तो चुन्यातला आहे. चुन्याचा हात भिंतीवर पापुद्रा धरत नाही. ओल आत-बाहेर करू शकते, आणि काही वर्षांनी ऊन-पावसाने तो झिजतो तेव्हा स्वतः जातो, वीट घेऊन जात नाही. पुढच्या पिढीला नको वाटला तर त्यांनी पुन्हा दिला नाही की झालं. हा बदल परत फिरवता येतो. वाचकांपैकी ज्यांनी पुण्यातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती जवळून पाहिल्यात त्यांना चुन्याचं हे वागणं ओळखीचं असेल. फरक इतकाच, की आपला चुन्याच्या घाण्यात मळलेला चुना सुरखी (विटांची भुकटी) घालून पाण्यात घट्ट होतो, आणि इंग्लंडच्या दक्षिणेतला खडूच्या दगडाचा चुना नुसत्या हवेवर, फार हळू मुरतो. म्हणून तिथे थंडीत चुन्याचं काम काढत नाहीत. ओला सांधा गोठला की सगळी मेहनत पावडर होऊन खाली येते.

खिडक्यांकडे वळू. फोर्ट्रीच्या घराला उभ्या-आडव्या दांड्यांच्या खिडक्या होत्या, शिशाच्या पट्ट्यांत छोट्या काचा बसवलेल्या. वर-खाली सरकणारी सॅश खिडकी इंग्लंडच्या दरबारी इमारतींत १६७० नंतर रुळली आणि पुढच्या पन्नास वर्षांत तिने जुन्या खिडक्यांची पार हकालपट्टी केली. क्यूच्या खिडक्या बदलल्या त्या अठराव्या शतकात, घर राजघराण्याकडे आलं तेव्हा. दुसऱ्या जॉर्जची राणी कॅरोलिन हिने १७२८ च्या सुमाराला हे घर आपल्या मुलींसाठी भाड्याने घेतलं. भोक तेच, चौकट विटेची तीच, आतलं लाकूड नवं. म्हणून तुम्हाला भिंत आणि खिडकी एकमेकींच्या पिढीतल्या वाटल्या नाहीत.

पुढची गोष्ट घराची कमी आणि राजाची जास्त, म्हणून पटकन सांगतो. समोर, आज जिथे हिरवळीवर सूर्यघड्याळ आहे तिथे, 'व्हाइट हाउस' नावाचं मोठं घर होतं. युवराज फ्रेडरिकसाठी आर्किटेक्ट विल्यम केंटने १७३० च्या दशकात ते सजवलं. आपलं लाल घर म्हणजे त्याचं समोरचं जोडघर. लहानपणी तिसरा जॉर्ज इथेच शिकला. १७८१ मध्ये त्याने घर विकत घेतलं. १८०२ मध्ये व्हाइट हाउस पाडलं, कारण जॉर्जला नदीकाठी आर्किटेक्ट जेम्स वायटकडून किल्ल्याच्या थाटाचा नवा राजवाडा बांधायचा होता. तोवर राहायला तात्पुरतं म्हणून लाल घर. तो नवा राजवाडा कधी पूर्ण झाला नाही आणि १८२० च्या दशकात पाडून टाकला. तात्पुरतं तेवढं टिकलं. आजारी राजाला इथे ठेवलं गेलं, राणी शार्लट १८१८ मध्ये इथेच वारली, आणि त्याच वर्षी काही महिने आधी तिच्या दोन मुलांची लग्नंही इथल्याच दिवाणखान्यात लागली. त्यातल्या एका जोडप्याची मुलगी म्हणजे व्हिक्टोरिया राणी. तिनेच १८९८ मध्ये हे घर लोकांना पाहायला मोकळं करून दिलं.

वास्तूच्या दृष्टीने महत्त्वाचा काळ मात्र त्या दोन घटनांमधला, म्हणजे १८१८ नंतरची ऐंशी वर्षं. घर जवळजवळ रिकामं होतं. १८८१ मध्ये पश्चिमेची नोकरचाकरांची शाखा पाडली, पण मुख्य घराला कोणी हात लावला नाही. इंग्लंडातल्या बहुतेक जुन्या घरांचं वाटोळं किंवा नूतनीकरण, काय म्हणायचं ते म्हणा, याच काळात झालं. मोठ्या काचा, नव्या शेगड्या, गॅसचे दिवे, जाड वॉलपेपर. क्यूला राहायलाच कोणी नसल्याने हे सगळं टळलं. राणीच्या खाजगी खोलीत १६३० च्या दशकातलं गिलाव्याचं छत आहे, त्यावर पंचेंद्रियांची रूपकं कोरलीत. ते शाबूत आहे. शेजारची स्वयंपाकघराची इमारतही १७३० च्या दशकातली, मुळात व्हाइट हाउससाठी बांधलेली आणि आगीच्या भीतीने घरापासून वेगळी ठेवलेली. तीही वाचली. आणि माळ्यावरच्या राजकन्यांच्या खोल्या २००६ च्या कामात जाणूनबुजून सजवल्या नाहीत. उखडलेला गिलावा, उघड्या पट्ट्या, जुन्या रंगाचे थर तसेच दिसतात. खालच्या खोल्यांत अठराव्या शतकाचे रंग पुन्हा दिलेत, ते छान आहेत, पण मला विचाराल तर माळा जास्त शिकवतो. शिकाऊ मुलांना मी तिथेच जास्त वेळ थांबवतो.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: पाया ट्यूडर, भिंत आणि गेबलं १६३१ ची, खिडक्या आणि आतली बरीचशी मांडणी अठराव्या शतकाची, लाल रंग मूळ कल्पनेचा पण हात एकविसाव्या शतकाच्या तोंडाचा.

आता रेडिंग. तिथली जुनी घरं बहुतांशी व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, आणि विटेच्या बाबतीत रेडिंग हे इंग्लंडातलं खास गाव आहे. टाइलहर्स्टच्या कोलियर कंपनीसारख्या स्थानिक भट्ट्या होत्या. भिंतीत लाल विटेबरोबर रुपेरी-करड्या चकचकीत हेडरची नक्षी घालायची तिथे रीत होती. ही वीट यंत्राने किंवा चांगल्या भट्टीत भाजलेली, एकसारखी, मुळातच उघडी ठेवण्यासाठी केलेली. तिच्यावर लाल रंग दिला तर रुपेरी नक्षी झाकली जाईल, म्हणजे त्या घरात जी एक गोष्ट रेडिंगची आहे ती जाईल. क्यूला पुरावा रंगाच्या बाजूने होता. इथे पुरावा विरुद्ध बाजूचा आहे.

शिवाय बिल्डर बहुधा चुन्याचा हात देणारच नाही. तो दुकानातला 'मेसनरी पेंट' आणेल, म्हणजे प्लास्टिकचा पापुद्रा. एक वीट किंवा दीड वीट जाडीची जुनी भिंत पावसाचं पाणी शोषते आणि वारा लागला की सोडते. पापुद्र्याने सोडायची वाट बंद होते. पाणी मागे अडकतं, थंडीत गोठतं, आणि विटेचा तोंडचा पापुद्रा रंगासकट सुटतो. सिमेंटने दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, भरल्यावरही हेच होतं. सांधा विटेपेक्षा कडक झाला की ओल सांध्यातून जाऊ शकत नाही, विटेतून जाते, आणि झिजते ती वीट. नियम उलटा हवा: झिजायचं ते सांध्याने, कारण सांधा पुन्हा भरता येतो.

त्यांनी एवढं करावं. खिशातल्या किल्लीने दोन-तीन ठिकाणी सांधा खरवडून बघावा. पांढरट, चुरगळणारा, मध्ये चुन्याचे पांढरे ठिपके दिसणारा असेल तर तो मूळचा चुना आहे. तो ठीक असेल तिथे त्याला हात लावायचा नाही. करडा आणि कडक असेल तर मागाहून कोणी सिमेंट भरलंय, आणि विटांच्या कडा तिथेच झिजलेल्या दिसतील. असं सिमेंट सुटं झालं असेल तेवढंच हाताने छिन्नीने काढावं. ग्राइंडर चालवायला कोणी आला तर त्याला दारातूनच परत पाठवावं, तो सांध्याबरोबर विटाही कापतो. मग सांधा त्याच्या रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत मोकळा करून, भिंत भिजवून चुन्याने दर्जा भरावा, आणि मुरेपर्यंत ओलं गोणपाट लावावं. हे काम एप्रिल ते सप्टेंबरमध्येच.

कौन्सिलला एक पत्र टाकून घर लिस्टेड, म्हणजे संरक्षित वास्तूंच्या सरकारी यादीत, आहे का आणि वस्ती संरक्षित क्षेत्रात मोडते का ते विचारून घ्यावं. लिस्टेड घरात परवानगीशिवाय असा बदल करणं हा इंग्लंडात फौजदारी गुन्हा आहे, आणि तो मालकाच्याही अंगाशी येतो, बिल्डर मोकळा सुटतो असं समजू नये.

आणि ओलीची तक्रार असेल म्हणूनच रंगाचा विषय निघाला असेल, तर आधी पन्हळी आणि पाइप बघा. माझ्याकडे आलेल्या ओलीच्या तक्रारींत बहुतेक वेळा तुंबलेली पन्हळ, फुटका उभा पाइप, नाही तर भिंतीलगत मागाहून चढवलेली फरशी सापडली आहे. परांची बांधणारच असाल तर त्यावर चढून पन्हळ साफ करा, पाइपाचे जोड तपासा, आणि फरशी विटांच्या खालच्या रद्द्यांवर चढली असेल तर एक वीतभर खाली उतरवा. रंगासाठी काढून ठेवलेले पैसे या कामाला पुरून उरतील.